मागच्या सीटवरचा नवरा

लोक ताईला विचारतात, स्वतःचा धंदा चालवायला नेमकं काय लागतं? भांडवल, जाहिरात, ओळखी असलं काहीतरी त्यांना ऐकायचं असतं. ताई हसून वेळ मारून नेते. मी तिची धाकटी बहीण. तिच्या ड्रायव्हिंग स्कूलचे फोन पहिल्या दिवसापासून मीच घेते, आणि मला काही हसू येत नाही.

नऊ वर्षं ती दुसऱ्याच्या स्कूलमध्ये शिकवत होती. मालक सकाळची गार वेळ स्वतःच्या पुतण्याला द्यायचा आणि दुपारची भाजणारी ताईला. ती सोडून निघाली तेव्हा म्हणाला, "दोन महिन्यांत परत याल, बाई." ज्याच्याकडून आम्ही स्कूलसाठी खोली भाड्याने घेतली, त्याने वेगळाच सल्ला दिला. "बोर्डावर मिस्टरांचं नाव टाका. लोक विश्वासाने येतील."

मिस्टर घर सोडून गेले त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. ताई म्हणाली, "त्यांना गाडी चालवता येत नाही."

तिने दोन जुन्या गाड्या घेतल्या आणि दोन्हींत आपल्या पायाशी वेगळा ब्रेक आणि क्लच बसवून घेतला. तिचं शिकवणं अगदी सावकाश. समोरची बाई घामाघूम झाली, गाडी चौथ्यांदा बंद पडली, तरी हिचा आवाज चढत नाही. "पाय हळू सोड. गाडी कुठे पळून जात नाही." तिसऱ्या वर्षी सकाळच्या वेळा भरून गेल्या.

त्याच वर्षी जवळच्या मोठ्या सोसायटीचा सेक्रेटरी बायकोला घेऊन आला. बायको पन्नाशीच्या आसपासची, शांत. नाव नोंदवताना सगळी उत्तरं त्यानेच दिली. तिला चष्मा आहे का, हेसुद्धा. पहिल्याच दिवशी तो मागच्या सीटवर जाऊन बसला. ताईने त्या वेळी हरकत घेतली नाही. ही आपली चूक झाली, असं ती अजून म्हणते.

चार दिवस तो मागून बोलत होता. आरशात बघ. अगं, गिअर. डोकं कुठे आहे तुझं? ताईने दोनदा बजावलं, "गाडीत एकानेच सांगायचं असतं." तो म्हणाला, "मी वीस वर्षं गाडी चालवतोय." पाचव्या दिवशी गाडी चौकाच्या मधोमध असताना ताई म्हणाली, "थांबू नकोस, पुढे घे." तेवढ्यात मागून तो ओरडला, "ब्रेक मार, मूर्ख बाई!" बायकोने गच्चकन ब्रेक दाबला. डावीकडून पाण्याचा टँकर आला तो दाराला वीतभर अंतर ठेवून थांबला. तिचे हात स्टिअरिंगवर तसेच चिकटून राहिले.

ताईने स्वतः गाडी चौकाबाहेर काढली, कडेला लावली, उतरून मागचं दार उघडलं. "उतरा. तुम्हाला पुन्हा या गाडीत बसता येणार नाही. या येऊ शकतात."

बायकोही उतरली. खाली मान घालून त्याच्या मागे चालत गेली.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा लांबलचक मेसेज: उद्धट बाई, बेजबाबदार शिकवणं, जीव जाता जाता वाचला. मेसेज तीनशे घरांत गेला. गाडी चौकात थांबली कशामुळे, ते मात्र त्यात नव्हतं. दोन दिवसांत मला अकरा फोन आले. सगळ्यांचीच वेळ एकाएकी जमेनाशी झाली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण फोनवर मी "बरं" म्हणत राहिले.

आमचा मोठा भाऊ, दादा, समजवायला आला. "माफी मागून टाक. तुझं काय जातंय?"

"उद्या दुसरा कोणी मागे बसेल. त्याला मी काय सांगू?"

"धंद्यात असं ताठ राहून चालत नाही."

"तो चौकात ओरडला, दादा."

दादाने मान हलवली आणि चहा न घेताच गेला. पुढच्या महिन्यात एक गाडी विकावी लागली.

मग त्याच सोसायटीतल्या दोघी बायकांनी वेगवेगळा फोन केला. शिकायचंय, पण गाडी गेटवर नको; पुढच्या मेडिकलच्या कोपऱ्यावर घ्यायला या, कोणी बघायला नको. मी आनंदाने हो म्हणणारच होते. ताईने दोन्ही वेळा माझ्या हातातून फोन घेतला. "गेटवर येईन. मी काही चोरी करत नाहीये, आणि तुम्हीही नाही." माझं तिच्याशी कडाक्याचं भांडण झालं. एकीने नाद सोडला. दुसरी सोमवारी सकाळी सातला गेटवर उभी होती, वॉचमनच्या समोर. सेक्रेटरी बाल्कनीतून बघत होता, असं तिनेच नंतर सांगितलं. तिला लायसन्स मिळालं आणि ती रोज त्याच गेटमधून स्वतःची गाडी काढू लागली. तिच्या मजल्यावरच्या आणखी तिघी आल्या. दीड वर्षाने आम्ही पुन्हा दुसरी गाडी घेतली. आज तीन आहेत, आणि नातेवाईक एकाही गाडीत बसत नाहीत.

सेक्रेटरीची बायको मात्र परत आली नाही. परवा बसस्टॉपवर दिसली. दोन्ही हातांत जड पिशव्या, बस यायचं चिन्ह नाही. नवरा हल्ली गुडघ्यांमुळे गाडी चालवत नाही. गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी असते. ताईने गाडी थांबवून विचारलं, "सोडू का?" ती म्हणाली, "नको, त्यांना कळलं तर." मग पिशव्या खाली ठेवून म्हणाली, "मला त्या दिवशी जमलं असतं ना हो?"

"जमलंच होतं," ताई म्हणाली.