इनामदार साहेबांचा डबा

नेदरलँड्समध्ये मी पोस्टिंगवर आलो नव्हतो, मुलीकडे आलो होतो. तीन महिन्यांसाठी आलो आणि कोरोनामुळे विमानं बंद झाली. उइटहॉर्न गावातल्या तिच्या घरात मी दोन हिवाळे काढले.

पलटणीतली सवय सुटत नाही. पहाटे उजाडण्याआधी मी उठून खिडकीशी उभा राहायचो. सैन्यात याला स्टँड-टू म्हणतात. हल्ला बहुधा पहाटे किंवा संध्याकाळी होतो, म्हणून त्या वेळी प्रत्येक जवान हत्यार घेऊन जागेवर उभा असतो. इथे माझ्यासमोर कालवा होता आणि शेजाऱ्यांच्या सायकली होत्या. नंतर प्रार्थना, चहा आणि वाचन. माणसांपेक्षा पुस्तकांशी माझं जास्त जमतं.

फेब्रुवारीत कालवा गोठला. रात्रीची संचारबंदी होती, पण दिवसा लोक बर्फावर हसत घसरत होते. माझी मुलगी स्नेहा लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "बाबा, आपल्या मराठी ग्रुपचा एक डबा पोचवायचाय, झुइडओस्ट भागात. आजोबा एकटेच आहेत, पॉझिटिव्ह आहेत. मुलगा-सून पुण्यात अडकलेत. रिटायर्ड कर्नल आहेत म्हणे, फोनवर गप्पा मारा जरा."

"नाव?"

"इनामदार."

मी डब्याचं झाकण घट्ट लावलं. मला आनंद झाला होता. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

आता मागचं सांगतो.

इनामदार तेव्हा कॅप्टन होते, आमचे कंपनी कमांडर. पोस्ट बर्फातली, उंचावरची. मी हवालदार, रेडिओ ऑपरेटर. नाईक डॅनिअल साळवे माझ्या बहिणीचा नवरा, माझा दाजी. आम्ही दोघे नगरचे, एकाच चर्चमधले. दाजी कमी बोलायचे. खोटं तर गंमतीतही बोलत नसत. पत्ते खेळताना हातात काय आहे ते चेहऱ्यावरच दिसायचं, म्हणून त्यांना कोणी डावात घेत नसे.

मी सुट्टीवर असताना कॅप्टन साहेबांनी वाईट हवेत एका पोर्टरला खाली पाठवलं. तो वाटेत मेला. पोर्टर स्वतःच्या मर्जीनं गेला, असं सगळ्यांनी सांगायचं होतं. सगळे तयार झाले. दाजी म्हणाले, "सर, तुमचा हुकूम डोक्यावर. पण देवासमोर मला रोज उभं राहावं लागतं. हे माझ्या तोंडून यायचं नाही."

दाजींची खाली उतरायची पाळी आली होती. ती रद्द झाली. दोन जवानांसह त्यांना पुढच्या पोस्टवर पाठवलं. मी सुट्टीवरून परतलो तेव्हा ते निघून गेले होते.

तीन दिवस हिमवर्षाव झाला. चौथ्या दिवशी दुपारी सेटवर दाजींचा आवाज आला. वरच्या उताराचा बर्फ फुटतोय, माघारीची परवानगी हवी, ओव्हर. कॅप्टन साहेब माझ्या शेजारी चहा घेत होते.

"सर, उत्तर काय देऊ?"

"थांबू दे त्याला. देव आहे ना बरोबर?"

"सर, उतार फुटतोय म्हणतात."

"वेट, आउट दे. हुकूम आहे."

रेडिओवर 'वेट, आउट' याचा अर्थ ठरलेला आहे. थांबा, मी पुन्हा बोलतो. जो हे म्हणतो, त्यानंच परत बोलायचं. समोरच्यानं सेट मोकळा ठेवून गप्प राहायचं. मी माझ्या दाजींना माझ्या तोंडानं 'वेट, आउट' सांगितलं. नंतर चार वेळा विचारलं. कॅप्टन साहेबांनी उत्तर दिलं नाही. दाजींनीही पुन्हा कॉल केला नाही. संध्याकाळच्या स्टँड-टूच्या आधी वरून मोठा आवाज आला.

चौकशीत कॅप्टन साहेब म्हणाले, असा मेसेज आलाच नव्हता. ऑपरेटर मयताचा नातेवाईक आहे, दुःखात काहीही बोलतोय. माझा जबाब तिथेच संपला. ते हुद्द्यानं वर चढत गेले. मी सुभेदार होऊन निवृत्त झालो. मधल्या वर्षांत मी हा राग रायफलसारखा साफ करून, तेल लावून ठेवला होता.

झुइडओस्टला त्यांच्या इमारतीखाली गाडी लावून मी फोन केला. वर राहणाऱ्यानं बटण दाबल्याशिवाय दार उघडत नाही.

"कोण?" आवाज ओळखला. दोन शब्दांमध्ये धाप होती.

"डबा आहे. मराठी ग्रुपकडून."

"वर ये... उठता येत नाही. श्वास घेता येत नाहीये."

"डॉक्टरला कळवलंत?"

"इथलं काही कळत नाही मला. मुलगा फोन उचलत नाही. तूच... बघ काहीतरी."

याला काय बोलायचं ते मी इतकी वर्षं मनात रचलं होतं. त्यातलं कुठलंच वाक्य आलं नाही. मी म्हणालो, "वेट. आउट."

धाप ऐकू आली. मग, "गायकवाड?"

मी फोन बंद केला. गाडीत बसून नगरला बहिणीला लावला. रूथ माझ्याहून धाकटी. वैधव्यात तिनं दोन मुलं वाढवली, शाळेत शिकवलं.

"दादा, कुठंयस?"

"इनामदारच्या दारात. मरायला टेकलाय. माझ्या फोनची वाट बघतोय."

तिनं विचारलं, "डबा दिलास?"

"नाही."

"मग दारात काय भाजी विकतोयस?"

"रूथ, यानं दाजींना..."

"मला सांगतोस? मी त्या दुःखासकट जगलेय. ते देवाला आधी ठेवून गेले. तू आता त्यांच्या नावानं माणूस मारणार आणि मला आणून देणार? मला नको ते. फोन कर त्याला. मग ये आणि मला हव्या तेवढ्या शिव्या घाल."

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"साहेब, गायकवाड बोलतोय. दुसऱ्या कुणाला फोन केलात?"

"नाही."

"का नाही?"

"तू... वेट म्हणालास ना."

दाजीही असेच थांबले असतील, हे मला तेव्हा कळलं. माहीत आधीपासून होतं.

मी त्यांना होल्डवर ठेवून तातडीच्या मदतीचा एकशे बारा लावला, पत्ता सांगितला आणि परत त्यांच्या लाइनवर आलो. "साहेब, सरपटत जा, पण बटण दाबा. दार उघडं ठेवा. फोन कानाला ठेवा. मी बोलत राहीन." अँब्युलन्स येईपर्यंत मी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. निळ्या गाऊनमधल्या दोघांनी त्यांना खाली आणलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सॅल्यूट केला नाही.

ते वाचले. उन्हाळ्यात त्यांनी मला घरी बोलावलं. चहा झाला. मी एकच गोष्ट मागितली. "माझ्या बहिणीला फोन करा. मेसेज आला होता, एवढंच सांगा."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "इतक्या वर्षांनी कशाला, गायकवाड? देवानं मला वाचवलं. आपण त्याचे आभार मानू."

दाजी मेले ते याच देवासाठी, आणि हा माणूस त्याच्या नावाआड बसला होता. मी उठलो, माझा कप विसळला, उपडा ठेवला आणि निघालो. त्या दिवशी मला फोन लावल्याचा पश्चात्ताप झाला. अजूनही कधी कधी होतो.

मी त्यांना क्षमा केलेली नाही. हुकूम पाळला, इतकंच. माझ्या प्रभूचा हुकूम असा आहे की तो पाळताना माणूस आतून सोलून निघतो, आणि बदल्यात काही मिळेल असं त्यानं कबूल केलेलं नाही.

पोस्टवर स्टँड-टू संपला की दाजी प्रार्थना करायचे. ज्याच्याशी पटत नाही त्याचं नाव आधी, घरच्यांची नंतर. शेवटच्या हिवाळ्यात पहिलं नाव कुणाचं असायचं, हे खालच्या पोस्टवर त्यांच्या शेजारी झोपणाऱ्या एका जवानानं मला नंतर सांगितलं. त्यानं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. आता तेच नाव मीही आधी घेतो, दात आवळून. मग त्या पोर्टरचं, मग बर्फाखाली गेलेल्या दोन जवानांचं, आणि शेवटी नाईक डॅनिअल साळवे.

आम्ही त्यांना उकरून काढलं तेव्हा हँडसेट त्यांच्या कानाशी होता. सेट चालू होता.