शारदाक्काची शुक्रवारची मालिका

अक्का गेल्याचं मला फुलवालीनं सांगितलं. मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नाला मी कलघटगीला गेले होते आणि मोबाइल पिशवीच्या तळाशी केव्हाचा बंद पडलेला होता. परत आल्यावर बसमधून उतरले आणि देवाला फुलं घ्यायला थांबले, तर ती बाई माझ्याकडे बघून एकदम रडायलाच लागली. "अक्कार होगिबिट्र्री, टीचर..." अक्का निघून गेल्या हो, असं कानडीत म्हणत राहिली. मी आधी तिलाच दटावलं. शाळेत इतकी वर्षं पोरांना दटावण्यात गेलेली, तोंडाला तीच सवय. पण तिच्या डोळ्यांतलं पाणी काही थांबेना. शारदाक्का आदल्या दिवशी दुपारी जेवून उठली, हात धुता धुता मोरीशी खाली बसली ती बसलीच. मी घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिचं शेवटचं तोंडसुद्धा मला दिसलं नाही. याचा मला राग आहे, आणि तो कुणावर काढावा हे इतके आठवडे झाले तरी कळत नाही.

शारदाक्का माझी सख्खी बहीण नव्हे. लग्न होऊन मी हुबळीला आले तेव्हा ती भिंतीपलीकडची शेजारीण होती, आणि सगळी कॉलनीच तिला अक्का म्हणत असे. ती कोर्टात टायपिस्ट होती. दिवसभर लोकांच्या साक्षी बडवायची, त्यामुळे माणूस खरं बोलतो यावर तिचा मुळात विश्वासच नव्हता. दारात कोणी आलं की आधी त्याच्या चपला बघायची आणि मग तोंड. दूधवाला पाणी घालतो की नाही हा प्रश्नच नाही, कुठल्या नळाचं घालतो एवढाच तिच्या मते तपासाचा विषय. तिचे यजमान बँकेत, कायम बदलीवर. घरात ती आणि मुलगी विद्या. मी लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. आमचं सूत जमलं ते विज्ञान आणि साक्ष या दोन गोष्टींवर, असं मी लोकांना ऐटीत सांगते. खरं म्हणजे ते जमलं टीव्हीवर.

नव्वदचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. केबल नुकती आमच्या गल्लीत आली होती. एका वाहिनीवर दर गुरुवारी संध्याकाळी एक हिंदी मालिका लागायची. नाव सांगण्यात अर्थ नाही, कुणाला आठवणार नाही, कारण त्याच वेळी दुसरीकडे सासू-सुनांचं रडगाणं असे आणि सगळी कॉलनी तिकडे. आमच्या मालिकेत दोघीजणी होत्या. इन्स्पेक्टर रेवती, आणि प्रेतं तपासणारी डॉक्टर मरियम. आमच्याकडे रंगीत टीव्ही मोठा, म्हणून अक्का कोर्टातून आली की तोंड धुऊन आमच्याकडे यायची. माझे यजमान पेपर तोंडापुढे धरून बसायचे आणि शेवटच्या जाहिरातीच्या वेळी हळूच विचारायचे, "मग, कोण निघतोय?" त्या जाहिरातीच्या आत गुन्हेगाराचं नाव सांगायचं असा आमचा नियम होता. मी विष, रक्त, वेळ असला हिशेब मांडायची. अक्काचं शास्त्र वेगळंच. "त्या मेव्हण्यानं केलंय. घरात खून झालाय आणि ह्याच्या शर्टाची इस्त्री मोडलेली नाही." आणि निघायचाही मेव्हणाच.

पण खरं सांगायचं तर आम्हाला खुनापेक्षा खुनांच्या मधल्या गप्पा आवडायच्या. रेवती आणि मरियम जीपमध्ये बसून एकीच्या डब्यातलं दुसरी खायची, घरच्या कटकटी सांगायच्या, मधेच भांडायच्या. तोवर पडद्यावरच्या दोन बायका भेटल्या की एक सवत असायची नाही तर नणंद. कामाला जाणाऱ्या, दमणाऱ्या, एकमेकींची चेष्टा करणाऱ्या दोन बायका आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. त्या बघून आम्हालाही थोडी शिंगं फुटली. कॉलनीत एक नवा भाडेकरू आला होता. पहाटे स्वच्छ कपड्यांत जायचा आणि संध्याकाळी कपड्यांवर लाल डाग घेऊन यायचा. अक्कानं एका शनिवारी रिक्षा ठरवली आणि आम्ही त्याच्या मागावर थेट अमरगोळच्या मार्केट यार्डात गेलो. तिथे तो मिरचीच्या ढिगावर उभा राहून पोती भरून घेत होता. आम्हाला बघून बिचाऱ्यानं "या की अक्का" म्हणत खुर्च्या दिल्या, आणि आम्ही शिंकून शिंकून बेजार. परतताना रिक्षात अक्का नाक पुसत म्हणाली, "तरी पण माणूस संशयास्पद आहेच. इतकं चांगलं कोण वागतंय?" ब्याडगी मिरची मात्र तेव्हापासून आम्ही त्याच्याकडूनच घ्यायला लागलो.

मग एका सकाळी माझे यजमान ऑफिसात खुर्चीतच गेले. हृदय. त्यांना काही दुखतंखुपतं असं कधी ऐकलं नव्हतं... सासूबाईंनी टीव्हीवर जुनी चादर टाकली आणि वर्षश्राद्ध होईपर्यंत ती काढायची नाही म्हणून सांगितलं. घरात गाणं नाही, सण नाही, टीव्ही नाही. माझं काही म्हणणं नव्हतं. मला काही ऐकायचंच नव्हतं. आम्हाला मूलबाळ नाही. पुण्याहून दादा आला आणि त्यानं परस्पर ठरवून टाकलं की सासूबाई सोलापूरला धाकट्या दिरांकडे जातील, मी नोकरी सोडून त्याच्याकडे राहीन. माझ्या भल्याचंच होतं. मीही मान हलवली. वर्ष संपलं की राजीनामा देते, असं मी मुख्याध्यापिकांच्या कानावरही घातलं. तेव्हा मी चाळिशीच्याही आत होते, आणि उरलेलं सगळं आयुष्य दादाच्या मागच्या खोलीत भाज्या निवडत काढायला तयार झाले होते.

सांत्वनाला आलेलं माणूस निघताना 'येते' म्हणत नाही, मुकाट उठून जातं, ही आपल्याकडची रीत. तेराव्यापर्यंत येणारी-जाणारी माणसं अशीच मुकाट उठत होती. अक्का मात्र उंबऱ्याशी उभी राहून चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "येतो ग वसू. शुक्रवारी येतो." बायका चमकून बघायला लागल्या. सासूबाईंचा चेहरा तर बघवत नव्हता. आणि शुक्रवारी ती आली. कोर्टातून तडक, पर्ससकट. माझ्या स्वयंपाकघरात पाट ओढून बसली आणि म्हणाली, "काल काय झालं ऐक. समुद्रावर एक पेटी सापडली..." मी म्हटलं, अक्का, नको. ती म्हणाली, "टीव्ही लावायचा नाही असं ठरलंय. गोष्ट सांगायची नाही असं कोणी म्हटलंय काय?" कोर्टात आयुष्य काढलेल्या बाईशी कोण वाद घालणार!

तेव्हापासून दर शुक्रवारी गुरुवारचा भाग माझ्या स्वयंपाकघरात व्हायचा. सुरुवातीचं संगीत ती तोंडानं वाजवायची. रेवतीचा आवाज जाड, मरियमचा बारीक. जाहिराती लागल्या की उठून पाणी प्यायची आणि मला आमटीत मीठ घालायची आठवण करायची. मी पहिले काही शुक्रवार तोंड मिटून होते. एकदा नकळत म्हणून गेले, "पण थंडीत प्रेत इतक्या लवकर फुगणार नाही." अक्कानं माझ्याकडे बघितलंही नाही. "तेच मरियम म्हणाली बघ," म्हणून पुढे गेली. हळूहळू सासूबाईंचा पाट माजघरातून उंबऱ्यापर्यंत सरकला. हातात जपमाळ असायची, पण मणी पुढे सरकत नसत. एका शुक्रवारी अक्काला उशीर झाला तर त्यांनीच मला विचारलं, "ती डॉक्टरीण अडकली होती गोदामात, सुटली का ग?"

पुढे मालिकेत रेवतीवरच प्रसंग आला. चकमकीत तिचा भाऊ मारला गेला, आणि तिनं दूर कुठेतरी बदली मागून घेतली. सामान बांधून झालं. हे सांगताना अक्काचा आवाज नेहमीसारखा लागत नव्हता. मी डोळे पुसत विचारलं, "गेली?" अक्का उठली, घटाघट पाणी प्यायली. "स्टेशनवर पोचली होती. तेवढ्यात मरियम आली."

"आणि काय म्हणाली? जाऊ नको म्हणाली?"

"छे ग! एक प्रेत आलंय म्हणाली. नखाखाली हळद आहे. बघून जा."

रेवती बघायला गेली आणि त्या दिवसाची गाडी चुकली. पुढच्या आठवड्यात पुन्हा बॅग भरली, तर पेढ्यांतून कुणी विष घातलं. त्याच्या पुढच्या वेळी कापसाच्या गिरणीत कोणीतरी लटकत होतं. दर वेळी ती निघायची, आणि दर वेळी मरियम नुसतं काम घेऊन यायची. राहा म्हणून एकदाही म्हणाली नाही. मालिकाही तेव्हा भलतीच रंगात आली होती. रेवती आपल्याकडचं चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला लागली होती, वकील लोक अस्सल आपल्याकडच्यासारखे खोटं बोलायचे. मी एकदा विचारलंही, मुंबईच्या बायकांना गिरमिट कुठून ठाऊक? "शूटिंग इकडं झालं असंल की," अक्का म्हणाली, आणि मी मान डोलावली. मी, विज्ञानाची शिक्षिका!

मी काय ठरवलं, केव्हा ठरवलं, मला सांगता येणार नाही. एक दिवस मुख्याध्यापिकांनी विचारलं, "मग, तुमच्या जागी माणूस बघायचा ना?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नको, मी राहतेय." सासूबाई म्हणाल्या, मग मी तरी सोलापूरला कशाला जाऊ. त्या शेवटपर्यंत माझ्याजवळच राहिल्या. अक्काला हे सांगितलं तर तिनं नुसतं "बरं" म्हटलं आणि शेंगदाणे भाजायला घेतले. वर्षश्राद्ध झालं, चादर निघाली, तेव्हा मी उत्साहानं गुरुवारची वाट बघायला लागले. अक्का म्हणाली, "संपली की ग ती. गेल्याच आठवड्यात. रेवतीला बढती मिळाली, तिथंच." मला फार चुटपुट लागली. शेवट तेवढा बघायला मिळायला हवा होता, असं मी पुढे कितीतरी वर्षं म्हणत असे आणि अक्का ऐकून घेत असे.

त्यानंतर टीव्हीवर पोलीस बायका पुष्कळ आल्या. चकाचक गणवेशातल्या, न दमणाऱ्या. आम्ही दोघींनी त्या मन लावून बघितल्या आणि सगळ्यांना नावं ठेवली. अक्का निवृत्त झाली, तिचे यजमान वारले, विद्या बंगळूरला नोकरीला लागली, तरी शेवटच्या जाहिरातीआधी नाव सांगायचा नियम मोडला नाही.

अक्काचा तेरावा झाल्यावर विद्या आईचं घर आवरायला राहिली होती. आवरत काहीच नव्हती. स्वयंपाकघरात फरशीवर बसून राहायची. मीही जाऊन समोर बसायची. त्यातच दादाचा फोन येऊन गेला होता... आता ये इकडे, आता तिथं कोण आहे तुझं? ते मी विद्याला सांगितलं, आणि उगीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "ह्या वेळेला तुझी आई असती तर रेवतीची आठवण काढली असती."

विद्यानं माझ्याकडे टक लावून बघितलं. "मावशी, तुला आईनं कधीच सांगितलं नाही?"

"काय?"

"ती मालिका रेवती गेली तेव्हाच संपली होती ग. तो शेवटचा भाग होता."

मला काही कळेना. विद्या सांगत गेली. त्या गुरुवारी मालिका संपली तेव्हा अक्का पडद्यासमोर किती तरी वेळ बसून होती. मग म्हणाली, वसूला मी हे सांगणार नाही. त्यानंतरचे सगळे भाग तिनं रचले. कोर्टातल्या केसेस मोडून जोडून, भाकरी थापता थापता. विद्याला विचारायची, "ह्या खेपेला कुणाला मारूया?" शुक्रवारची तालीम गुरुवारी, मालिकेच्याच वेळेला व्हायची, समोर टीव्ही बंद ठेवून. "तू चुका काढशील याची फार भीती होती तिला," विद्या म्हणाली. "मला तुझं विज्ञानाचं पुस्तक आणायला लावायची."

म्हणजे मी ज्या रेवतीकडे बघून हुबळीत राहिले ती कुठल्याच पडद्यावर नव्हती. मी रडले. यजमान गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते. असं कोण करतं कुणासाठी? कोर्टात दिवसभर टाइपरायटर बडवून, घरचं सगळं करून, आणि कधी एका शब्दानं न बोलता! जाऊ नको म्हणाली असती तर मी दोन दिवस थांबले असते आणि तिसऱ्या दिवशी गेले असते, हे तिनं ओळखलं होतं. तेवढी तिला माणसाची पारख होती.

डोळे पुसून मी म्हटलं, "सांग मला तो शेवटचा भाग. खरा."

विद्यानं सांगितला. स्टेशन. रेवती डब्याच्या दारात, मरियम फलाटावर. दोघी काही बोलत नाहीत. शिट्टी होते, गाडी हलते. मरियम हात वर करते आणि तसाच ठेवते. गाडी लांब लांब जाते... आणि नावं यायला लागतात.

मी सगळं ऐकून घेतलं. दुपार होती, मोरीतल्या नळाचं पाणी ठिबकत होतं. उठून मी तो घट्ट बंद केला, आणि विद्याला म्हटलं, "चुकलं ग त्यांचं. असं झालं नाही. रेवती गेलीच नाही. हुबळीतच आहे ती अजून."