थंडोबाचं वजन

ओतशाळेत त्याला सगळे थंडोबा म्हणत. सव्वीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभं राहून वितळलेलं बिडाचं लोखंड साच्यांत ओतलं, पण तक्रारीचा शब्द नाही. संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे येत, लघवी काळ्या चहासारखी होई. ते फक्त बायकोला ठाऊक.

"त्या तपासणीवाल्या बाईंना सांगा की," ती म्हणाली.

"सांगतो, आणि उद्यापासून आवारात झाडू मारतो!"

खरी धास्ती तीच होती. कारखान्यात उष्णतेची तपासणी करायला आलेल्या बाईनं भट्टीजवळ तिपाईवर काळा पोकळ गोळा आणि ओल्या वातीचा थर्मामीटर मांडला होता. शिवाय कामाच्या पाळीच्या आधी नि नंतर प्रत्येकाचं वजन, मध्ये प्यायलेल्या पाण्याचं माप. म्हणजे घामावाटे किती गेलं ते कळतं. हे तिनं समजावून सांगितलंही होतं. ऐकतो कोण? वजन घटलं की माणूस भट्टीला नालायक, असा अर्थ थंडोबानं आपल्या मनानं काढला आणि बाकी पाच जणांच्या गळी उतरवला. पाळी सुटली की प्रत्येक जण विजारीच्या खिशांत बिडाचे तुकडे कोंबून काट्यावर चढे. बाईमाणसासमोर विजारी उतरवायला हे बाप्ये लाजले, आणि तिनं नुसते सदरे काढण्यावर भागवलं. चूक दोन्हीकडची.

दुसऱ्या दिवशी आकडे पाहून ती चक्रावली. "काका, अंग निथळतंय, आणि वजन सकाळपेक्षा जास्त?"

"आम्हाला पाणी अंगी लागतं, मॅडम!"

सगळे खो खो हसले.

तिसऱ्या दुपारी ओतपात्राचा दुसरा दांडा धरणारा त्याचा जोडीदार मध्येच थबकला. "दादा, बस आली का रे?" डोळे भलतीकडे. थंडोबानं कसंबसं पात्र खाली टेकवलं आणि त्याला ओढत बाहेर पंख्यासमोर आणलं. बाईनं त्याच्यावर बादल्या रिकाम्या केल्या, डॉक्टरांना बोलावलं. बऱ्याच वेळानं तो खेकसला, "कोणी भिजवलं रे मला?" तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

"कालच्या आकड्यांप्रमाणे हा माणूस ठणठणीत आहे," बाई म्हणाली. "काय लिहू मी?"

थंडोबानं खिसे उलटे केले. तुकडे खणखणत फरशीवर पडले. "आकडे खोटे आहेत. अक्कल माझी, या पोरांची नाही." काट्यावर चढला. सकाळपेक्षा दोन किलो कमी. "आता काढा मला भट्टीवरून."

"तुम्हाला कोण काढतंय? भट्टीचा ताप मोजायला आलेय मी! तीन दिवस पाण्यात घातलेत माझे. सोमवारपासून पुन्हा मोजायचं, आणि चड्डीवर यायचं. लाज घरी ठेवा."

पुन्हा मोजलं. अहवाल वाचून मालकानं कुरकुरत का होईना, भट्टीवर आळीपाळीनं दोन जोड्या लावल्या: अर्धा तास काम, अर्धा तास सावलीत विश्रांती. जोडीदाराला डॉक्टरांनी पंधरा दिवस घरी बसवलं. थंडोबा भट्टीच्या तोंडाशीच राहिला. पहिल्या विश्रांतीत मात्र बाकावर बसून तो दुसऱ्या जोडीला ओरडून सूचना देत सुटला: "तिरकं धर! अरे, हळू!"

"दादा," दांडा धरलेला एक जण ओरडला, "तुम्ही कामावर असता तेव्हाच बरे असता हो!"