जमतं तिला

जुईच्या आईला कोणीही, कधीही विचारलं, "जुई कशी आहे?" तर उत्तर ठरलेलं: "मजेत! जमतं तिला सगळं." हे ती म्हणायची तेव्हा तिची बोटं जुईच्या कोटाची बटणं लावत असायची. इथे जपानमध्ये निशी-कसाई स्टेशनबाहेर आम्हा मराठी बायकांचा घोळका जमला की सतरा वर्षांची जुई आईची ओढणी घट्ट धरून उभी राही. तिच्याकडे शब्द मोजके, तेही बहुतेक शाळेतले जपानी. समजायचं मात्र सगळं.

मला याद्या करायची सवय. कोणता कचरा कोणत्या वारी टाकायचा, कोणत्या डॉक्टरांना इंग्रजी येतं, सगळं लिहून ठेवलेलं. त्यामुळे अडलेल्या बायका माझ्याकडे येतात. जुईची आई उशिरा आली, कारण आपण अडलो आहोत हे तिला मान्यच नव्हतं. मार्चमध्ये जुईची विशेष शाळा संपणार होती आणि शाळेनंतरचा सांभाळही. पुढे प्रौढांच्या दिवसभराच्या केंद्रात जागा मिळाली तर ठीक. नाहीतर जुई घरी, आणि तिच्यासोबत आईही. आई एका पाळणाघरात काम करायची. ते काम तिचा जीव की प्राण होतं.

जुईला किती मदत लागते हे ठरवायला वॉर्ड ऑफिसची बाई घरी आली, तेव्हा जुईच्या आईने मला बोलावलंही नाही. घरी पाहुणे येणार, त्यात काय? तिने घर लखलखीत केलं, जुईला नवा ड्रेस घातला, कांदेपोहे केले आणि चहाचा ट्रे जुईच्याच हातात दिला. बाई खूश. अंघोळ? जमतं तिला. जेवण? जमतं. रस्ता ओलांडणं? थोडं शिकवलं की तेही जमेल.

जुईला इतकी खालची श्रेणी मिळाली की केंद्राच्या रांगेत उभंही राहता येईना.

"अगं, ती काय मुलगी बघायला आली होती?" मी चिडले.

"मग काय ताई, परक्या बाईसमोर पोरीची उणीदुणी काढू? तीही पोरीच्या देखत?"

मी अर्ज पुढे ओढला. पुन्हा तपासणी मागितली. या वेळी दुभाषी म्हणून मी बसले. आदल्या दिवशी बजावलं होतं: घर आवरायचं नाही, सगळ्यात वाईट दिवस आठवून उत्तरं द्यायची, पोहे नाहीत.

"चहा तरी?"

"चहाही नाही."

"बटणं लावता येतात का?" बाईने विचारलं. जुईची आई भिंतीकडे बघत म्हणाली, "जमत नाही." अंघोळ? जमत नाही. रस्ता? जमत नाही. मी एकेक उत्तर जपानीत सांगत गेले. तेवढ्यात जुई उठली, खुंटीवरचा कोट काढून अंगात चढवला आणि बटणं लावायला लागली. पहिलंच बटण चुकीच्या काजात गेलं, मग सगळीच चुकत गेली. "देकिरु यो," ती बाईला म्हणाली. जमतं मला. आईचा हात बटणांकडे निघाला होता. तो तिने मांडीखाली दाबून धरला.

श्रेणी वाढली. केंद्रात जायचे दिवस मंजूर झाल्याचं कार्ड आलं. जुईच्या आईने पेढे वाटले आणि तिथून खरी रांग सुरू झाली. मंजुरी वॉर्डाची, जागा मात्र आपण शोधायची आणि प्रत्येक केंद्राची प्रतीक्षायादी वेगळी. फुनाबोरीचं केंद्र म्हणालं, माणसं कमी आहेत. उरायासुचं म्हणालं, आधी आमच्या शहरातले. "आमचा नंबर कितवा?" सांगता येत नाही. "साधारण कधी?" जागा झाली की कळवू. आणि वाकून नमस्कार. या देशात कुठली बाटली कुठल्या वारी टाकायची याचा चित्रांसकट तक्ता घरपोच येतो. माणसाची पाळी कधी, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही! संताप करावा तर तो ऐकायलाही समोर कोणी नाही, नुसती वाकलेली डोकी.

मार्च उलटला. जुईच्या आईने पाळणाघर सोडलं. जुई रोज सकाळी शाळेचा गणवेश घालून दारापाशी बसायची. तिला उचलून, धरून आईचा खांदा कामातून गेला. पुढचा हिवाळा संपेपर्यंत केंद्रांचं उत्तर तेच राहिलं, तेव्हा तिच्या नवऱ्याने पुण्याला बदली मागून घेतली.

विमानतळाच्या बसपाशी तिने माझ्या हातात एक डबा ठेवला. कांदेपोहे. "पुढच्या बाईला सांगा ताई, ती लोकं यायची असली की हे करू नकोस म्हणावं." आम्ही दोघी हसलो. फार काही हसण्यासारखं नव्हतं.

परवा एका केंद्रातून मला फोन आला. संपर्कासाठी तिने माझा नंबर दिला होता. जागा झालेली नव्हती. नाव यादीत ठेवायचं का, एवढंच विचारायचं होतं. मी पुण्याला फोन लावला.

"काढून टाका ताई. मागे कोणाची तरी आई उभी असेल."

"बरं. जुई कशी आहे गं?"

"अंघोळ जमत नाही," ती म्हणाली. "बटणं जमत नाहीत. एकटीला रस्ता जमत नाही." न अडखळता, त्याच क्रमाने. मग तिचं तिलाच ऐकू आलं असावं, ती थांबली.

मागून जुईचा आवाज आला, "देकिरु यो."