काचेपलीकडचा हात

कपाट आवरताना विमकाकांचा कॅचरचा ग्लोव्ह हाती लागला. चामड्याचा, तेलाचा आणि जुन्या घामाचा वास आला, आणि मी पुन्हा आल्मेरे या डच शहरातल्या त्या वृद्धाश्रमाच्या खिडकीबाहेर होते.

विमकाका आमचे शेजारी. त्यांना जवळचं असं कुणी नव्हतं. तरुणपणी ते व्यावसायिक बेसबॉल खेळले, बहुतेक काळ राखीव कॅचर, म्हणजे चेंडू झेलणारा, म्हणून बाकावर बसून. पुढे एका लहानशा संघाचे मॅनेजर झाले. चेंडू टाकून दमलेल्या पिचरपाशी चालत जायचं आणि न बोलता हात पुढे करायचा, हे त्यांचं सगळ्यात नावडतं काम. पिचरने त्या हातात चेंडू ठेवायचा आणि मैदान सोडायचं.

कोरोनाचं पहिलं वर्ष होतं. आत जायला बंदी, म्हणून आम्ही काचेच्या दोन बाजूंना बसून फोनवर बोलायचो. त्यांनी जेवण जवळजवळ सोडलं होतं.

"काका, चार घास तरी खा. उद्या खिचडी पाठवते."

"रोज तोच चेंडू टाकतेस. दमलीस तू." त्यांनी वाकड्या बोटांचा तळवा माझ्यापुढे धरला. "दे इकडे."

"नाही देणार."

"सगळे आधी असंच म्हणतात."

मी हसले आणि काचेवर हात टेकवला. काच गार होती.

त्याच आठवड्यात ते गेले. तेव्हा मला ती थट्टा वाटली होती. ते मला मोकळं करत होते, हे आता कळतं. पण चेंडू अजून माझ्याच हातात आहे, आणि तो मागायला मैदानात कुणी येत नाही.