शेवटची मोटारसायकल

संध्याकाळचा शेवटचा रुग्ण गाल धरून बाहेर पडला की दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मोटारसायकलवाल्यांची बैठक भरायची. नकाशा टेबलावर मावत नसे, म्हणून तो फरशीवर पसरायचा. चार कोपऱ्यांवर चार हेल्मेटं. परदेशातल्या ज्या राजधानीपर्यंत जायचं होतं, ती नकाशाच्या अगदी कडेला होती. तिच्यावर नेमकं लिफ्टवाल्याचं हेल्मेट बसायचं.

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. उभी हयात त्याने लोकांच्या इमारतींत घालवली, कधी गच्चीवरच्या मशीनखोलीत, कधी तळाच्या खड्ड्यात. कोपरापर्यंत ग्रीस. सगळ्यांना वर पाठवायचं आणि आपण जिना चढायचा, कारण लिफ्ट बंद असते म्हणूनच तर त्याला बोलावलेलं असतं. त्याचे गुडघे आता पायरीगणिक तक्रार करत.

गटात त्याची जागा ठरलेली होती. सगळ्यांच्या मागे. शेवटच्याने कुणाला ओलांडायचं नाही. कुणी थांबलं की थांबायचं. दोर, पंप, जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, सगळं एका खाकी पिशवीत, आणि पिशवी शेवटच्याच्या गाडीवर. फार पूर्वी एकदा गटातल्या टायरच्या दुकानदाराची, म्हणजे टायरवाल्याची, गाडी बंद पडली, तेव्हा हा त्याच्यासोबत मागे थांबला होता. एवढंच निमित्त. पुढे कुणी विचारलं नाही आणि हा बोलला नाही. मुक्कामाला पोहोचावं तर बाकीच्यांचा चहा पिऊन झालेला, फोटो काढून झालेले. वर स्वागत, "आलात? चला मग, निघू या."

"गाड्याबरोबर नळ्याची यात्रा," बायको म्हणायची. "काय बघितलंत एवढं?"

तो आठवायला बसायचा. डोंगर, नदी काही आठवायचं नाही. पाठी आठवायच्या. डॉक्टरांचा डावा खांदा उतरलेला. झोप यायला लागली की टायरवाल्याची कोपरं बाहेर यायची.

"धूळच खायची तर घरची खा. कपाटांवर भरपूर आहे."

या वेळी त्याने ठरवलं होतं. एकदा तरी समोर कुणाची पाठ नसलेला रस्ता बघायचा. एवढी लांबची सफर पुन्हा होईल असं गुडघे म्हणत नव्हते. पण बैठकांवर बैठका होत होत्या आणि तोंड काही उघडत नव्हतं.

"तर पुढे मी," डॉक्टर नकाशावर वाकून म्हणाले. "मागे हे आहेतच. मधलं ठरवू."

"मी मागे नाही राहणार," लिफ्टवाला म्हणाला.

"म्हणजे? येणार नाही?"

"येणार. मागे राहणार नाही. दमलोय मी."

"अरे, मागे तर आराम असतो," टायरवाला म्हणाला.

"मग घे की तू आराम."

यावर हसायचं की नाही, कुणाला कळेना. शेवटी ठरलं की रविवारी खिंडीपर्यंत सराव करायचा. लिफ्टवाला पुढे, टायरवाला मागे. खाकी पिशवी टायरवाल्याने उचलली आणि म्हणाला, "हिच्यात काय दगड भरलेत?"

रविवारी समोरचा रस्ता रिकामा होता. पहिली काही वळणं लिफ्टवाल्याला काय करावं तेच समजेना. मग लक्षात आलं, काहीच करायचं नाहीये. कुणाचा खांदा बघायचा नाही, कुणाचा धूर गिळायचा नाही. मानेतली गाठ थोडी सैल झाली. खिंडीच्या अलीकडे एकदम डाव्या हाताला दरी उघडली. इथे एवढी मोठी दरी आहे हे त्याला माहीतच नव्हतं. आणि या रस्त्याने तो कितीदा तरी आला होता.

वरच्या टपरीवर त्याने चहा घेतला. चहा गरम होता. तो उभ्याउभ्या घोट घेत राहिला. मग एकेक गाडी आली. डॉक्टर, गटातले आणखी दोघे, शेवटी टायरवाला.

"बाई कुठेत?" लिफ्टवाल्याने विचारलं. गणिताच्या बाई गटात नव्या होत्या आणि सगळ्यांत हळू चालवत.

"येतायत. मधे थांबल्या होत्या. मी विचारलं, तर हात केला त्यांनी, पुढे जा म्हणून."

"आणि तू आलास?"

"त्याच म्हणाल्या ना."

लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आतून काय बोलतो, हे लिफ्टवाल्याने जन्मभर ऐकलं होतं. मी ठीक आहे, सावकाश होऊ द्या. आवाज जितका सभ्य, तितका माणूस घाबरलेला. त्याने अर्धा चहा तसाच ठेवला. टायरवाल्याच्या गाडीवरून पिशवी काढून आपल्या गाडीला बांधली. हातांना गाठी पाठ होत्या.

बाई एका वळणावर कठड्याला टेकून बसल्या होत्या. गाडी नाल्यात आडवी. हातमोजे काढून त्यांनी मांडीवर ठेवले होते आणि त्यांची बोटं एकेक करून सरळ करत होत्या.

"लागलं?"

"नाही हो. निघताना गेली हळूच खाली." मग हातमोज्यांची घडी घालत, "तुम्ही सांगा त्यांना. मी नाही येत राजधानीला. सगळ्यांच्या गळ्यात लोढणं कशाला?"

तो शेजारी बसला. बसला म्हणजे पायच मुडपले.

"आता मलाही उठवत नाहीये," तो म्हणाला.

"तुम्हाला काय झालं?"

"आज काही नाही. साठत आलंय."

बाईंना हसू आलं. मग त्यांनी विचारलं, "पुढे रस्ता कसा आहे?"

"दरी आहे," तो म्हणाला. "मी आजच बघितली."

पुढच्या बैठकीला खाकी पिशवी नकाशाच्या मधोमध होती. टायरवाला नखं बघत होता.

"बघितलंत ना?" डॉक्टर मायेने म्हणाले. "तुमच्याशिवाय होत नाही. तुमच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही."

हे वाक्य येणार हे लिफ्टवाल्याला ठाऊक होतं. तरी त्याचा हात आपोआप पिशवीकडे गेला. बंदावर बोटं टेकली आणि तिथेच राहिली. उचलायचं बळ नव्हतं आणि सोडायचा धीर नव्हता.

"मागे मी राहते," बाई म्हणाल्या.

"तुम्ही? अहो, तुम्ही सगळ्यांत हळू."

"म्हणूनच. मी मागे असले तर प्रत्येकाला आरशात बघावं लागेल, मागचा दिसतोय का. हे काका मागे असतात म्हणून इतके दिवस कुणी बघितलंच नाही."

"असं रांगत गेलो तर पोहोचणार कधी?"

"उशिरा," बाई म्हणाल्या. "आणि पिशवी एकट्याने का न्यायची? दोर तुम्ही घ्या, डॉक्टर. पंप टायरवाल्यांकडे."

"मला वाटलंच माझ्यावर येणार," टायरवाला म्हणाला. पण त्याने पंप ओढून घेतला. डॉक्टर मुक्काम वाढतील म्हणाले, रजा पुरायच्या नाहीत म्हणाले. वाद चांगलाच पेटला.

लिफ्टवाला उठला. भिंतीचा आधार घेत तो आतल्या खोलीत गेला. रुग्णाची खुर्ची मागे रेललेली होती. तिथे दोन मिनिटं टेकावं म्हणून तो बसला. दिवा बंद होता, लवंगेचा वास होता, पाय पहिल्यांदाच वर होते. बाहेरचा वाद लांबून येत होता, एक मजला वर गेलेल्या लिफ्टमधल्या बोलण्यासारखा.

"मग काका कुठे राहणार? पुढे की मधे?" कुणीतरी विचारलं. पावलं दारापर्यंत आली.

उत्तर द्यायचं त्याच्या मनात होतं. पुढे, दरी असेल तिथे. पण डोळे मिटत आले होते.

"उठवू का?"

"झोपू दे," टायरवाल्याचा आवाज आला. "राजधानी कुठे पळून जात नाही."