भिंतीवरचे विश्वस्त

आमच्या गावच्या धर्मादाय दवाखान्यात विश्वस्तांच्या तसबिरी ओळीने टांगल्या आहेत. अंगावर शाली, चेहऱ्यावर गावाला उपकृत केल्याचा भाव. एक्स-रे मशीन केव्हाचं बंद आहे. मागच्या बैठकीत चौकटी सोनेरी करायचं मात्र एकमताने ठरलं. ज्या खाटेवर आपण कधीच झोपणार नाही, तिच्याबद्दल ठरवणं किती सोपं असतं!

काल बाकावर शेजारी बसलेल्या म्हातारीने त्या तसबिरींना हात जोडले आणि मला हळूच विचारलं, "हे समदे हितंच वारले का?"

"नाही आजी, जिवंत आहेत. हा दवाखाना तेच चालवतात."

"मग आजारी पडत न्हाईत व्हय?"

"पडतात की. पण तेव्हा पुण्याला जातात."

तिने जोडलेले हात सोडले.

"तरीच जगलेत," ती म्हणाली.